रुमाल सोडण्याआधी

मराठवाड्यातली माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, घरं आता एकेक करून उतरवली जात आहेत. छताची लाकडी लादनी खाली आली, भिंतीतलं धान्याचं बळद फोडलं, देवघराची फळी काढली की कापडात बांधलेली गाठोडी हाती लागतात. त्यात पोथ्या असतात, मोडीतले कागद असतात, उर्दू शिक्क्याची कागदपत्रं असतात, आजोबांच्या हिशेबाच्या वह्या असतात. घरात बोलणं होतं, 'विद्यापीठात देऊन टाकू.' हा निर्णय योग्यच आहे. पण देण्याआधी घरचे लोक प्रेमाने जी आवराआवर करतात, तिच्यामुळे वाळवीपेक्षाही जास्त नुकसान होतं. पोथ्या एका बाजूला, कागद दुसऱ्या बाजूला, 'न कळणारे' तिसऱ्या बाजूला आणि चिठ्ठ्याचपाट्या कचऱ्यात. संग्रह विद्यापीठात पोचतो तेव्हा तो नुसता कागदांचा ढीग उरलेला असतो.

जुन्या दप्तरात कागद कापडाच्या चौकोनी तुकड्यात बांधून ठेवत. त्यालाच रुमाल म्हणतात. पुण्याच्या पेशवे दप्तरात आजही मोजणी रुमालांचीच होते. घरच्या रुमालालाही एक शिस्त असते, ती बाहेरून दिसत नाही इतकंच. कुळकर्ण्याच्या घरातला एखादा रुमाल एका वादाचा असेल, एखादा एका वर्षाच्या वसुलीचा, एखादा एका माणसाच्या आयुष्याचा. मुंतखबाशेजारी, म्हणजे इनामाच्या चौकशीनंतर मिळालेल्या कागदाशेजारी, कर्जाची पावती, तिच्याशेजारी लग्नाच्या खर्चाची यादी आणि मध्ये खोकल्याच्या काढ्याची चिठ्ठी, हे विचित्र वाटतं म्हणून विषयवार लावू नये. जमीन कधी मिळाली, कर्ज कशासाठी काढलं आणि ते लग्नात गेलं का, हे फक्त त्या शेजारामुळे विचारता येतं. कागद वेगळे केले की प्रश्नच सुचत नाही.

आपल्याकडे हे जास्त महत्त्वाचं ठरण्याचं कारण आहे. १९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे त्या काळच्या सरकारी दप्तराचा मोठा भाग हैदराबादला. पेशवाईच्या संबंधातले कागद पुण्याला. इथे, औरंगाबादला, मराठवाडा विद्यापीठ आलं २३ ऑगस्ट १९५८ ला. त्याआधी इथली महाविद्यालयं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली. नांदेडचं विद्यापीठ तर १९९४ चं. म्हणजे गावाचा इतिहास गावाच्या जवळ ठेवणारी जागा आपल्याकडे उशिरा झाली, आणि तोवर तो घराघरांतल्या रुमालांनीच सांभाळला. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबादकडची माळवदं बसली, तेव्हा माणसांबरोबर घरंच्या घरं गाडली गेली. अशा घरांतले कागद परत लिहून मिळत नाहीत.

तर गाठोडं हाती आल्यावर पहिलं काम म्हणजे ते न सोडणं. ते जिथे होतं तिथेच त्याचा फोटो घ्या. मग वर, खाली आणि चारी बाजूंनी घ्या, शेजारी फूटपट्टी ठेवून. गाठ कशी आहे, वर चिठ्ठी शिवलेली आहे का, शाईने काही लिहिलंय का, ते टिपा. एका कागदावर चार ओळी लिहा: कुणाचं घर, कोणती खोली, कोनाडा की ट्रंक, घरातल्या वडीलधाऱ्यांना त्याबद्दल काय आठवतं. त्यांच्या आठवणी लगेच आणि त्यांच्याच शब्दांत लिहून घ्याव्यात. 'हे तात्यांचं, याला हात लावायचा नाही असं आई म्हणायची' या वाक्यातूनसुद्धा संग्राहकाला तात्या कोण आणि आई कुणाची हे शोधता येतं. एका जागी अनेक गाठोडी असतील तर वरून खाली १, २, ३ असे क्रमांक चिठ्ठीवर लिहून दोऱ्याने कापडाला बांधा. कागदाला टाचणी नको, स्टेपल नको, रबरबँड तर मुळीच नको. इथल्या उन्हाळ्यात रबर वितळून कागदाला चिकटतं आणि पुढे ते पानासकटच निघतं.

दुसरं काम म्हणजे गाठोडं वेगळं ठेवणं. घरातल्या किंवा ग्रंथालयातल्या इतर कागदांपासून दूर, कोरड्या खोलीत, पांढऱ्या कागदावर किमान तीन आठवडे. रोज खालचा कागद बघायचा. पिठासारखा बारीक भुसा पडत असेल तर आत किडा जिवंत आहे. छिद्रं आहेत पण भुसा पडत नाही, तर बहुधा जुनी खोड. कसर पानाचा पृष्ठभाग खरवडते, खळ लावलेल्या कागदावर तिचा जास्त जीव; भुंगेऱ्याची अळी पानातून आरपार बोगदा करते; वाळवी मातीच्या नळीसकट येते आणि कडेपासून खाते. तिघींच्या खुणा वेगळ्या असल्यामुळे विद्यापीठातल्या माणसाला नुसत्या फोटोवरूनही उपाय ठरवता येतो.

वेखंड, कडुलिंबाचा पाला, तंबाखूची पानं हे आपले जुने उपाय आहेत आणि त्यांच्यात तथ्य आहे, पण ओला पाला पोथीत घालू नये. पाल्यातलं पाणी कागदात उतरतं, हिरवट-तपकिरी डाग पडतो, आणि किड्याऐवजी बुरशी येते. वाळवलेलं वेखंड पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून रुमालाच्या बाहेर ठेवायचं, एवढंच. डांबराच्या गोळ्यांचा वास कपाट उघडणाऱ्याच्या छातीत जातो, त्या टाळाव्यात. जुन्या पोथ्यांत पांढरी-करडी पूड दिसली तर ती फुंकून उडवू नका. कधीकाळी कुणी गॅमेक्सिनसारखं कीटकनाशक भुरभुरलेलं असू शकतं. तोंडाला मास्क, हातात रबरी मोजे, आणि काम उघड्या ओसरीत.

ऋतूचाही विचार करावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४० च्या वर असतो आणि हवा इतकी कोरडी की कागद पापडासारखा मोडतो. घडी उलगडायला गेलात की घडीवरच तुकडा पडतो. जून उजाडला की तोच कागद ओल शोषतो आणि पानं एकमेकांना चिकटतात. घड्या सोडायच्या, पोथी मोजायची तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी. विद्यापीठाच्या संग्रहात साधारण ५० टक्के आर्द्रता आणि २० ते २५ अंश तापमान धरतात, पण वीज जाते तिथे रोज वरखाली होणाऱ्या एसीपेक्षा जाड भिंतीची, स्थिर, अंधारी खोली बरी, असं माझं ठाम मत आहे. कागदाला खरा त्रास चढउताराचा होतो.

गाठोडं उघडल्यावर माळवदाची पांढरी माती हमखास निघते. ती रुंद, मऊ ब्रशने, पानाच्या मध्यापासून बाहेरच्या कडेकडे झाडायची. ओला बोळा नको. हात स्वच्छ आणि कोरडे असले की पुरे. सुती मोजे घातले की बोटांची जाण जाते आणि पानाच्या कडा फाटतात. वर सांगितलेल्या पुडीखेरीज आणखी एक अपवाद सांगतो. पोथीत पिवळे पट्टे दिसले की रबरी मोजे घालायचेच. तो हरताळ असतो, आर्सेनिकचं संयुग. लिहिताना चूक झाली की लेखक तिच्यावर हरताळ लावून वर पुन्हा लिहीत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तिथूनच आला. लाल दंड आणि लाल अंक बहुधा हिंगुळाचे, म्हणजे पाऱ्याच्या संयुगाचे. थुंकी लावून पान उलटण्याची सवय असेल तर ती या कामात सोडावी लागेल.

अनेकांना पटत नाही अशी गोष्ट म्हणजे, १७५० चा कागद बऱ्याचदा १९४० च्या कागदापेक्षा धडधाकट असतो. जुना हातकागद चिंध्यांचा आणि तागाचा, लांब धाग्यांचा, खळ देऊन घोट्याने घोटलेला. दौलताबाद आणि खुलताबादच्या मध्ये असलेलं कागदीपुरा हे अशा कागदाचं गाव. दौलताबादी कागद मराठी दप्तरांत नावाजलेला. उजेडासमोर धरला की त्यात गवताच्या चाळणीच्या बारीक रेघा दिसतात. उलट लाकडाच्या लगद्याचा गिरणी कागद स्वतःच्या आम्लाने आतून जळतो, पिवळा होतो, मग तपकिरी, मग कडेने भुगा. म्हणून निजामी काळाच्या शेवटच्या वीस वर्षांतल्या पावत्या, शाळेचे दाखले, चळवळीची पत्रकं यांची निगा पोथीच्याही आधी घ्यायला हवी. घरात मात्र उलटं होतं, पोथीला रेशमी कापड आणि पत्रकांना प्लास्टिकची पिशवी. काही गिरणी कागदांत उजेडासमोर दिसणारी जलचिन्हं असतात, कधी कारखान्याचं नाव, कधी साल; त्यावरून 'याच्या आधीचा हा कागद नाही' एवढं तरी नक्की सांगता येतं.

शाईचंही तसंच. काजळ आणि बाभळीच्या डिंकाची शाई उन्हाला दाद देत नाही, पण पाण्याने पसरते. हिराकस घातलेली शाई वर्षानुवर्षं कागद खाते. अक्षराच्या जागी अक्षराच्याच आकाराची भोकं पडलेली पानं दिसली तर कारण हे. अशा पानांना सरळ पाठीखाली पुठ्ठा देऊनच उचलायचं. आणि चिकटपट्टी, फेविकॉल, लॅमिनेशन यांतलं काहीही नाही. चिकटपट्टीचा गोंद काही वर्षांत कागदात मुरतो, डाग कायमचा. लॅमिनेशन उष्णतेने होतं आणि ते पुन्हा काढता येत नाही. विद्यापीठात किंवा संवर्धनशाळेत फाटलेलं पान जपानी टिश्यू आणि गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने जोडतात, कारण ती जोड पाण्याने परत सोडवता येते. परत सोडवता येईल तेवढंच करायचं, हा या कामातला पहिला नियम.

लांब मोडी कागद एकाखाली एक चिकटवलेले असतात, त्या प्रत्येक तुकड्याला बंद म्हणतात. जोड सुटली तर बंद वेगळे ठेवायचा मोह होतो. ठेवू नका. मागच्या बाजूला जोडावर शिक्का असतो, अर्धा एका बंदावर आणि अर्धा दुसऱ्यावर. दोन अर्धे जुळले की क्रम सिद्ध होतो. एकाच पाकिटात, सुटले तसेच, मध्ये कोरा कागद घालून ठेवा.

आता तारखा. नोंदवहीत सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून थोडं सविस्तर.

पेशवाईतल्या मोडी पत्रात बहुधा तीन गोष्टी असतात: 'छ' म्हणजे चंद्र, पुढे हिजरी महिन्याचा दिवस, आणि सुहूर सन, म्हणजे तेव्हाच्या मराठी दप्तरातलं साल. सुहूर सन अरबी शब्दांत लिहिलेला असतो, एककापासून वर. इहिदे १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सीत ६, सब्बा ७, समान ८, तिसा ९. अशर १०, अशरीन २०, सलासीन ३०, अर्बैन ४०, खमसैन ५०, सितैन ६०, सबैन ७०, समानीन ८०, तिसैन ९०. मया १००, मयातैन २००, अलफ १०००. सुहूर वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, बदलतं. म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून मृगापर्यंतच्या कागदाला ६००. आपल्याच भूमीवरच्या दोन लढाया घ्या. उदगीरची लढाई ३ फेब्रुवारी १७६० ची. त्या वेळच्या पत्रावर सन 'सितैन मया व अलफ', म्हणजे ११६०, आणि महिना फेब्रुवारी, म्हणून ६०० मिळवले की १७६०. राक्षसभुवनची लढाई १० ऑगस्ट १७६३ ची. 'अर्बा सितैन मया व अलफ', ११६४, ऑगस्ट आहे म्हणून ५९९. सरसकट ५९९ मिळवणाऱ्याची उदगीरची पत्रं १७५९ मध्ये जाऊन बसतात, आणि मग लढाईच्या आदल्या वर्षी लढाईचा मजकूर कसा, म्हणून पत्र बनावट ठरवलं जातं.

शकाला चैत्र ते डिसेंबर ७८ आणि जानेवारी ते फाल्गुन ७९. शेजारी संवत्सराचं नाव असलं तर ताळा करता येतो: शकात १२ मिळवून ६० ने भागायचं, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक, प्रभव १ धरून. उदगीरच्या वेळी शक १६८१; १६९३ ला ६० ने भागलं की बाकी १३, प्रमाथी. राक्षसभुवनला शक १६८५, बाकी १७, सुभानु. नाव आणि आकडा जुळला नाही तर पहिली शक्यता अशी की आकडा तुम्ही चुकीचा वाचलाय. मोडीतले अंक घाईच्या हातात फार फसवतात.

निजामी कागदांवर फसली, म्हणजे महसुली, साल असते आणि त्याची गंमत वेगळी. हैदराबादेत फसली वर्ष १ आजूरला, म्हणजे ऑक्टोबरच्या ६ तारखेच्या सुमारास सुरू होई आणि आबानला संपे. ऑक्टोबर ते डिसेंबर असेल तर ५९० मिळवा, पुढच्या सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत ५९१. जहागिरी रद्द करणारा कायदा १३५८ फसलीचा आणि तो आला १९४९ च्या ऑगस्टमध्ये, हे लक्षात ठेवलं की मेळ चुकत नाही. महिन्यांची नावं इराणी आहेत, पण आजच्या इराणी पंचांगाशी त्यांचा मेळ घालायला जाऊ नये. तिथे आजर नोव्हेंबरच्या अखेरीस लागतो. महसुलाच्या जुन्या मराठी कागदांतला मृगसाली फसलीही वेगळा. नोंदवहीत म्हणून दोन रकाने हवेत: कागदावर जसं आहे तसं साल, आणि तुम्ही काढलेलं इसवी साल. पहिला रकाना कधीही पुसायचा नाही.

हिशेबाच्या वह्यांत रुपयाच्या शेजारी 'हाली' की 'कलदार' ते पाहा. हाली म्हणजे निजामाचा रुपया, कलदार म्हणजे इंग्रजी. सुमारे ७ हाली म्हणजे ६ कलदार असा भाव होता. १४० हाली आणि १४० कलदार यांत त्या काळी २० रुपयांचं अंतर पडतं, आणि दुष्काळातली ज्वारी महाग होती की नाही हा सगळा निष्कर्ष त्या एका शब्दावर उभा राहतो.

उर्दू आणि फारसी कागदांबद्दल कळकळीने सांगायचंय. घरात कुणाला वाचता येत नाहीत म्हणून ते आधी टाकले जातात. पण इनामाच्या चौकशीनंतर मिळालेला मुंतखब, अदालतीचे निकाल, शाळेचे दाखले, मदतीचे अर्ज हे त्याच लिपीत आहेत, आणि हिंदू-मुसलमान दोन्ही घरांत आहेत. फारसी शिकस्त, म्हणजे घाईचा मोडका, हात वाचणारी माणसं मोडी वाचणाऱ्यांहूनही कमी आहेत, त्यामुळे ते आज वाचले जाणार नाहीत हे खरं; म्हणून तर ते ठेवायचे. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी निजामकालीन दप्तरं गावोगाव उघडली गेली. नोंद मिळणं त्या कुटुंबासाठी मोठी गोष्ट आहे. पण एका नोंदीचं पान काढून घेतलं आणि बाकीचं दप्तर तसंच विस्कटून ठेवलं, तर उद्या त्याच नोंदीचा पुरावा लंगडा पडतो. पान जागेवर ठेवून त्याचा फोटो आणि प्रमाणित नक्कल घ्यावी.

पोथीची नोंद घेताना लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, पानं, एका बाजूच्या ओळी, एका ओळीतली अक्षरं, लिपी, सुरुवात, शेवट आणि शेवटची पुष्पिका, म्हणजे लेखकाने स्वतःबद्दल केलेली नोंद, एवढं हवंच. २००३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पांडुलिपी मिशनच्या नमुन्यातही यांतले बरेच रकाने आहेत, त्यामुळे एकदा भरलेली माहिती पुढे चालते. ओळी आणि अक्षरं कशाला, असं विद्यार्थी विचारतात. लेखकाची मजुरी 'ग्रंथा'वर ठरे, आणि एक ग्रंथ म्हणजे ३२ अक्षरं. समजा २०० पानांची पोथी, म्हणजे ४०० बाजू, बाजूला १० ओळी, ओळीला ४० अक्षरं. १,६०,००० अक्षरं, भागिले ३२, म्हणजे ५,००० ग्रंथ. शेवटी 'ग्रंथसंख्या ६०००' लिहिलं असेल तर सहावा हिस्सा गहाळ आहे, किंवा समासात आणखी मजकूर आहे, हे पोथी न वाचताही कळतं.

पानांचे अंक पोथीत मागच्या बाजूला असतात: डाव्या समासात वर ग्रंथाचं आखूड नाव आणि अंक, उजव्या समासात खाली बहुधा 'राम' आणि पुन्हा तोच अंक. नव्या माणसाला वाटतं पहिल्या पानावर अंकच नाही, म्हणून तो पेन्सिलीने स्वतःचे अंक टाकतो आणि सगळं एका बाजूने सरकतं. पान पुस्तकासारखं डावीकडे न उलटता खालून वर उलटावं. पानांमध्ये सापडलेली पावती, वाळकं फूल, मोरपीस, चिठ्ठी यांची नोंद 'पान ४१ आणि ४२ च्या मध्ये' अशी करून, वेगळ्या पाकिटात, तोच क्रमांक देऊन ठेवायची. ती तिथे का आली याचा तर्क नोंदवहीत नको.

लिपी देवनागरी पण एकही शब्द लागत नाही, अशी पोथी हाती आली तर 'अशुद्ध, निरर्थक' असा शेरा मारू नका. पैठण ही चक्रधरस्वामींच्या वास्तव्याची भूमी. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत जपले. सकळ लिपीत एका अक्षराच्या जागी ठरलेलं दुसरं अक्षर येतं. असा शेरा मारल्यामुळे पोथी वर्षानुवर्षं कपाटाच्या तळाशी राहते.

पोथ्यांइतकाच जीव मी शंभर पानी वह्यांवर लावतो. जलशांची, शाहिरांची गाणी अशा वह्यांत आहेत. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या चळवळीची, म्हणजे २७ जुलै १९७८ च्या विधिमंडळाच्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ पर्यंतच्या सोळा वर्षांची पत्रकं, सायक्लोस्टाइल केलेली निवेदनं, जेलमधून आलेली पोस्टकार्डं अजून घरांत आहेत. बॉलपेनची शाई दमट प्लास्टिकमध्ये उतरते आणि पान प्लास्टिकला चिकटतं. त्यांना कागदी पाकीटच हवं. कॅसेट असेल तर सर्वांत आधी तिच्या मागच्या दोन प्लास्टिकच्या टिकल्या मोडा, म्हणजे चुकून वर काही टेप होणार नाही. उभी ठेवा. आत पांढरी बुरशी दिसली तर यंत्रात घालू नका, यंत्राचं डोकं खराब होऊन पुढच्या सगळ्या कॅसेटांना ती लागते. साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठ मिनिटंच लागतात. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, दोन वाहिन्यांची वेव्ह फाइल तासाला सुमारे १ जीबी होते. आवाज कुणाचा, ढोलकीवर कोण, कार्यक्रम कुठल्या वस्तीत, हे आज सांगणारी माणसं आहेत.

फोटोचं थोडक्यात. कॅमेरा पानाला अगदी समांतर, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत उजेड, शेजारी मोजपट्टी आणि रंगपट्टी. ३० बाय १५ सेंटिमीटरचं पान ४०० पिक्सेल प्रति इंचाने घेतलं तर एका बाजूची टिफ फाइल सुमारे ३३ एमबी. वरच्या २०० पानांच्या पोथीला साडेतेरा जीबी लागतात. मोबाइलवरच्या फोटोंना 'डिजिटायझेशन' म्हणून मूळ परत माळ्यावर टाकणं चालणार नाही. फाइलचं नाव फक्त अंकांत ठेवा: संग्रह, रुमाल, नग, पान, बाजू, जसं ००७-०३-०१२-०४१-२. पुढचे शून्य टाळले की संगणक १० ला २ च्या आधी लावतो आणि पानांचा क्रम जातो. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या इमारतीत.

देताना दानपत्र लिहून घ्या आणि द्या. मालकी विद्यापीठाकडे जाते की फक्त ठेव आहे. छापण्याची परवानगी कुणाची. घरच्यांना नक्कल मिळेल का. काही पत्रं ठराविक वर्षं बंद ठेवायची आहेत का. कागदाची मालकी आणि मजकुराचा हक्क या वेगळ्या गोष्टी आहेत. आजोबांना आलेलं पत्र तुमच्या घरचं असलं, तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा. जमिनीचा वाद चालू असेल तर सनद, मुंतखब, १९५४-५५ ची खासरा पाहणी यांच्या नकला वकिलाला दाखवूनच मूळ हलवा. आणि पोच घ्या. 'जुनी कागदपत्रे, एक पोते' अशी पोच स्वीकारू नका. रुमाल किती, प्रत्येकात नग किती, कोणत्या स्थितीत, हे तिच्यात हवं. तुमच्या त्या चार ओळी आणि फोटो पोचीला जोडून द्या.

विद्यापीठात रुमाल उतरल्यावर नवं कापड लागतं. रंगवलेलं लाल कापड ओल लागली की रंग सोडतं, म्हणून कोरा मांजरपाट घ्यावा, तोही दोनदा धुऊन, खळ पूर्ण काढून. खळीला कसर लागते. जुनं कापड मात्र फेकायचं नाही आणि धुवायचंही नाही. त्यावर तेलाचा डाग असतो, हळद असते, कधी एखाद्या जुन्या पातळाची किनार असते. घडी घालून, त्याच क्रमांकाच्या पाकिटात, रुमालातला शेवटचा नग म्हणून त्याची नोंद करायची.